काळ्या पाषाणातील गोगलगाय

विदर्भात विहीर खणताना अगर खाणीतून दगड काढताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधी कधी गारेसारखा कठीण, फिकट रंगाचा पट्टा लागतो. तो फोडला असता काही ठिकाणी त्यात शंखांच्या आकृती आढळतात. त्या पाहून येथे पूर्वी समुद्र होता, असा निष्कर्ष सहज काढला जातो. कारण शंख आणि समुद्र यांची सांगड आपल्या मनात पक्की बसलेली आहे. परंतु प्रत्येक शंख समुद्राची साक्ष देत नाही. ती साक्ष कोणाची, हे शंखाचे काटेकोर वर्णन केल्यावाचून ठरत नाही.

या पट्ट्यांना भूविज्ञानात आंतरट्रॅपी थर म्हणतात. मद्रास सैन्यातील वैद्यकीय अधिकारी माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागात, आजच्या महाराष्ट्र-तेलंगण सीमेच्या परिसरात, असे जीवाश्म गोळा केले. त्यांच्या १८४० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सॉवर्बी यांनी त्यांपैकी एका शंखाला फायसा प्रिन्सेपाय हे नाव दिले. नागपूरला १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी पुढे टाकळी व आसपासच्या थरांचा अभ्यास करून १८६० साली येथील शंखांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

वर्णन करताना शंखाचे टोकदार शिखर वर आणि मुख पाहणाऱ्याकडे येईल असा तो धरतात. मुख उजवीकडे आले तर शंख उजवा, डावीकडे आले तर डावा. बहुतेक गोगलगायींचे शंख उजवे असतात. फायसाचा मात्र डावा. येथे एक खुलासा आवश्यक आहे. देवघरातील दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख शास्त्राच्या भाषेत डावाच ठरतो. परंपरेत शंखाची निमुळती पन्हळ वर धरतात, शास्त्रात शिखर वर धरतात. एवढ्यानेच उजव्याचे डावे होते. म्हणून वस्तू कशी धरली हे आधी ठरवून घेणे, ही वर्णनाची पहिली पायरी होय.

त्यानंतर वेढे मोजतात. शिखर लांब की आखूड, वेढ्यांमधील सांधा खोल की उथळ, पृष्ठभाग गुळगुळीत की कंगोरेदार, याची नोंद होते. फायसाचा शेवटचा वेढा इतका मोठा असतो की, शंखाच्या उंचीचा बराचसा भाग त्यानेच व्यापलेला असतो. मुख उभट व वरच्या अंगाला निमुळते असते. खालच्या बाजूस समुद्रातील अनेक मांसाहारी शंखांना असते तशी पन्हळ नसते. अर्थात पन्हळ नाही म्हणजे समुद्र नाही, असे मात्र म्हणता येत नाही. समुद्रातील कित्येक शंखांनाही ती नसते. म्हणून सोबती पाहावे लागतात. फायसाबरोबर लिम्निया ही तळ्यातील गोगलगाय, युनिओ हा नदीतील शिंपला आणि कॅरा या पाणवनस्पतीचे अवशेष मिळाले. हा सारा परिवार गोड्या पाण्याचा आहे. लाव्हाचा एक थर निवल्यानंतर दुसरा येईपर्यंत त्यावर तळी साचली, त्यांत जीवसृष्टी नांदली आणि नव्या लाव्हाखाली ती गाडली गेली, हे यावरून उलगडले. याउलट राजमहेंद्रीच्या परिसरात, ट्रॅपशी निगडित थरांत, टरिटेलासारखे लांब मळसूत्री सागरी शंख सापडतात. तेथे समुद्र जवळ होता.

वर्गीकरणातील खरी कसोटी एकाच जातीतील फरक ओळखण्याची आहे. फायसाचे काही नमुने सडपातळ, तर काही फुगीर आढळले. हिस्लॉप यांनी त्यांच्या वेगळ्या जाती न करता एकाच जातीचे प्रकार मानले. हा संयम दाद देण्याजोगा आहे. गोड्या पाण्यातील शंखांचा आकार परिस्थितीनुसार बदलतो, शिवाय मातीच्या दाबाने नमुना चेपतोही. नव्या नावाचा मोह अशा ठिकाणी फसवतो.

नावाचेही नियम आहेत. पुढील संशोधकांनी ही जाती प्लॅटिफायसा या वंशात घातली. वंश बदलला तरी जातीचे नाव टिकते. मूळ नाव देणाऱ्याचा उल्लेख मात्र कंसात जातो. म्हणून आज ते प्लॅटिफायसा प्रिन्सेपाय (सॉवर्बी, १८४०) असे लिहितात.

या शंखाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक कालखंडातील मानले आणि वनस्पतींच्या जीवाश्मांवरून बिरबल साहनी यांनीही १९३४ साली तसेच मत मांडले. पुढे किरणोत्सर्गी कालमापनाने दख्खनच्या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले त्या सुमाराचा ठरला. शंखाने परिस्थिती अचूक सांगितली. वय सांगण्यास तो एकटा पुरा पडला नाही.

शाळेच्या कपाटात असे नमुने पुष्कळदा नुसतेच पडून असतात. गाव, शिवार, विहीर वा खाण, जमिनीपासूनची खोली, वरचा-खालचा दगड आणि तारीख एवढे चिठ्ठीवर लिहून ती नमुन्यासोबत ठेवली, तर अभ्यासकाला त्याचा उपयोग होतो. चिठ्ठी हरवली की, तोच शंख केवळ शोभेचा दगड उरतो. खाणीत पट्टा उघडा पडल्यास तो फुटून खडी होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास कळविणे इष्ट ठरते; कारण खडी झालेल्या थरात शिखर कोणते आणि मुख कोणते, हे कोणालाही सांगता येत नाही.