व्हिसाच्या कागदावर काय लिहिले आहे?

भीमाकाठच्या वडगाव रासाई गावातला एक तरुण वेल्डर काही दिवसांपूर्वी आमच्याकडे आला. उसाच्या ट्रेलरची कामे करणारा, हात चांगला, शिक्षण नववीपर्यंत. दुबईत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका इसमाने त्याच्याकडे सव्वा लाख रुपये मागितले होते. आईच्या पाटल्या विकायचे घरात ठरतही आले होते. व्हिसा म्हणून त्याच्या हाती दिलेला कागद आम्ही पाहिला. तो व्हिजिट व्हिसा होता, मुदत साठ दिवस. "तिथे पोचल्यावर कामाचा करून देतात," असे त्याला सांगितले होते.

कोकणातील आपल्या बांधवांच्या घरी कुवेत, मस्कत, सौदीची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथे असा कागद आला की घरातला एखादा चाचा तो वाचून लगेच सांगतो. शिरूर-दौंडकडच्या आपल्या कारागिरांना तो आधार नाही, म्हणून हा विषय आम्ही थोडा सविस्तर घेत आहोत.

पहिली गोष्ट, व्हिसा आणि कामाचा परवाना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. व्हिसा देशात शिरू देतो. काम करण्याची मुभा परवाना देतो, आणि तो परवाना तिथला मालक आपल्या सरकारकडून काढतो. कारागिराने स्वतः विकत घ्यायची ती चीज नव्हे. संयुक्त अरब अमिरातीत भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास 2021 च्या कामगार कायद्याने मनाई आहे. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याचा व्हिसा तिथे पुढे बदलता येतो हे खरे; पण मालकाने परवाना काढला तरच, आणि तोवर एक दिवसही काम करणे गुन्हा आहे. सौदीत उमऱ्याच्या व्हिसावर जाऊन कामाला राहणाऱ्यांचीही गत हीच. 2013 साली सौदी सरकारने कागदपत्रे नियमित करण्यासाठी 3 नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली होती. त्या वर्षी लाखाहून अधिक भारतीयांना परतावे लागले. त्यांतले अनेक जण कर्ज फिटण्याआधीच घरी आले.

व्यापाऱ्यांचा बिझनेस व्हिसा निराळा. त्यावर माल पाहावा, सौदा ठरवावा, करार करावा, परत यावे. पगार घेऊन नोकरी करता येत नाही. चीनमध्ये ग्वांगझू किंवा यीवूच्या बाजारात खरेदीला जाणाऱ्यास तिथल्या कंपनीचे निमंत्रणपत्र लागते आणि 'एम' वर्गाचा व्हिसा मिळतो; नोकरीसाठी 'झेड' वर्ग आहे. दुकानदाराने कारागिराला आपल्या बिझनेस व्हिसाबरोबर 'मदतनीस' म्हणून नेण्याचे धाडस करू नये.

आता पासपोर्ट. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. दहावी उत्तीर्ण, आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले यांना तो लागत नाही. (छोट्या दुकानदारांनी विवरणपत्र वेळेवर भरावे, याचे हेही एक कारण.) ईसीआरवाल्याला आखातातील देशांसह ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना 1983 च्या कायद्याप्रमाणे 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. अनेकांना हा शेरा कमीपणाचा वाटतो, तो कसा टाळता येईल ते विचारतात. आमचे मत उलट आहे. या मंजुरीसाठी मालकाचा करार, पगाराचा आकडा आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची दहा लाखांची पॉलिसी दाखवावी लागते. कमी शिकलेल्या माणसासाठी ही ढालच आहे. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा नेमकी हीच ढाल काढून घेतो, कारण पर्यटकाला मंजुरी लागत नाही.

एजंट गाठायचा तर सरकारदरबारी नोंदलेलाच. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येतो. स्वतःला जमत नसेल तर शिकलेल्या पोराला बसवावे. त्याने घ्यायची सेवाशुल्काची कमाल मर्यादा तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, तीही पावतीवर. गावोगाव फिरणारे 'सब-एजंट' कायद्याला मान्य नाहीत, मग तो नात्यातला का असेना. नात्यातल्या माणसाकडे पावती मागायला संकोच वाटतो, आणि तिथेच पैसे बुडतात.

वेल्डर मंडळींसाठी एक जास्तीची माहिती. सौदीने 2022 च्या अखेरीपासून भारतात वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक अशा कारागिरांची कौशल्य परीक्षा सुरू केली आहे. परीक्षेत हातचे कामही पाहतात. ज्याचा हात चांगला त्याने घाबरू नये. पण वर्कशॉपमध्ये चष्मा-हातमोज्यांशिवाय काम करायची सवय आधी सोडावी.

करार सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी मराठीत किंवा उर्दूत समजून घ्यावा: मूळ पगार किती, जेवण-राहणे कोणाचे, ओव्हरटाइम कसा, परतीचे तिकीट कोण देणार. त्याची एक प्रत घरी ठेवावी. तिथे पोचल्यावर वेगळ्याच करारावर सही मागितली, तर घरच्या प्रतीशिवाय भारतीय दूतावासापुढे दाखवायला काही उरत नाही.

आमच्याकडे आलेल्या तरुणाने पाटल्या विकल्या नाहीत. मात्र त्याचा पासपोर्ट अजून त्या इसमाकडेच आहे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, तो अडवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही एजंटाला नाही. तसा लेखी अर्ज आम्ही त्याला करून दिला आहे. एक प्रत त्या इसमाला, एक पोलीस ठाण्याला, आणि पोच घेतलेली तिसरी त्याच्या आईजवळ.