संत कमिलस आणि एका सेवाव्रती संघाची स्मरणपरंपरा

रुग्णालयांचा इतिहास लिहिताना संस्थापकांची, देणगीदारांची आणि वैद्यांची नावे आदराने नोंदविली जातात. रात्री उठून रुग्णाचे अंथरूण बदलणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच टिकते. कॅथलिक पंथातील ‘रुग्णसेवक’ संघाची, म्हणजेच कमिलियन व्रतस्थांची स्मरणपरंपरा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

संघाचे संस्थापक कमिलस दे लेलिस यांचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको गावी झाला. वडील सैनिक होते, तोच पेशा मुलानेही धरला. तरुणपणीच त्यांना जुगाराचे व्यसन जडले आणि पायाला कधीही न भरणारी जखम झाली. १५७१ मध्ये ते उपचारांसाठी रोममधील सान जाकोमो या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात दाखल झाले व तेथेच सेवकाचे कामही करू लागले. परंतु पत्त्यांचा नाद आणि भांडखोर स्वभाव यांमुळे त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. संतचरित्रांतून असे प्रसंग बहुधा झाकून ठेवले जातात. या संघाने मात्र आपल्या संस्थापकाची ही बेअब्रू लपविली नाही, हे प्रस्तुत लेखकास विशेष वाटते.

पुढे सैन्यातील नोकरी संपली, जवळचे सर्व जुगारात गेले आणि कमिलस मानफ्रेदोनिया येथे कापुचिन साधूंच्या बांधकामावर मजुरी करू लागले. २ फेब्रुवारी १५७५ रोजी तेथे परतण्याच्या वाटेवर, आदल्या दिवशी एका साधूने केलेल्या उपदेशाचे चिंतन करीत असता त्यांचे मन पालटले. त्यांनी कापुचिन मठात प्रवेश घेतला. पण जखम पुन्हा उघडली आणि मठ सोडावा लागला. ते परतले ते सान जाकोमोतच, आणि जेथून त्यांना घालविले होते त्याच रुग्णालयाचे पुढे व्यवस्थापक झाले.

व्यवस्थापक या नात्याने त्यांना एक गोष्ट कळून चुकली. पगारी सेवक रुग्णांची हेळसांड करीत. मोबदल्यासाठी नव्हे, तर ईश्वरप्रेमापोटी सेवा करणारी माणसे एकत्र करावीत, हा विचार १५८२ मध्ये त्यांच्या मनात आला. १५८६ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी या मंडळीस मान्यता दिली व झग्यावर लाल क्रूस धारण करण्याची अनुज्ञाही दिली. (जिनीव्हाच्या रेड क्रॉसचे चिन्ह यावरून घेतले, असे कधी कधी सांगितले जाते, त्या चिन्हात मात्र स्विस ध्वजाचे रंग उलटे केलेले आहेत.) १५९१ मध्ये संघास पूर्ण व्रतस्थ संघाचा दर्जा मिळाला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांना येथे चौथे जोडलेले आहे : रुग्णांची, साथीच्या रोग्यांचीदेखील, प्राण धोक्यात घालून सेवा करणे.

हे व्रत कागदावर राहिले नाही. १५८० च्या दशकाच्या अखेरीस नेपल्सजवळ प्लेगची लागण झालेल्या जहाजांना बंदरात येण्यास मनाई झाली, तेव्हा संघाचे बंधू त्या जहाजांवर गेले आणि काहींना तेथेच मरण आले. १६३० च्या व १६५६-५७ च्या प्लेगमध्ये आणखी अनेक बंधू मृत्युमुखी पडले. संघ त्यांना ‘सेवाप्रीतीचे हुतात्मे’ म्हणतो आणि संस्थापकाच्या जन्मदिनी, २५ मे रोजी, त्यांचे स्मरण करतो. संस्थापकाचा जन्मदिवस त्यांच्यापाशी न ठेवता अनुयायांना वाहिलेला आहे, हे लक्षात घ्यावे.

२ फेब्रुवारीस कमिलस यांच्या हृदयपालटाचे आणि १४ जुलैस त्यांच्या देहावसानाचे स्मरण होते. १७४६ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पोप लिओ तेरावे यांनी १८८६ मध्ये त्यांना रुग्ण व रुग्णालये यांचे, तर पायस अकरावे यांनी १९३० मध्ये परिचारकांचे आश्रयदाते घोषित केले. दोन्ही वेळा सेवाव्रती संत जॉन ऑफ गॉड त्यांच्या जोडीस होते.

पदव्यांपेक्षा सहवासातील शिष्य सान्झिओ चिकातेल्ली यांनी लिहिलेले चरित्र अधिक बोलके आहे. १५९८ च्या नाताळात टायबर नदीला महापूर आला असता कमिलस यांनी सान्तो स्पिरितो रुग्णालयातील रुग्ण वरच्या मजल्यावर हलविले. एकुलत्या एका आजारी लेकराची आई जशी शुश्रूषा करते तशी प्रत्येक रुग्णाची करावी, असा त्यांनी संघासाठी नियम घालून दिला होता.

हा नियम सर्वांस सारखाच पेलला असे नव्हे. रुग्णालयांतील सर्व प्रकारची सेवा, अगदी हलकी समजली जाणारी कामेही, संघाने अंगावर घ्यावीत की नाही, यावरून बंधूंमध्ये तीव्र मतभेद झाले. १६०७ मध्ये कमिलस यांनी प्रमुखपद सोडले आणि उरलेली सात वर्षे पदाविना, रुग्णांच्या सेवेत घालविली. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. पायाची जखम तेव्हाही भरलेली नव्हती.