कळ वर सरकते आहे, व्यायाम सोडू नकोस

सांगली

चि. ओंकार,


काल ताईचा फोन आला होता. पालथं झोपून करायचे व्यायाम तू बंद केलेस, कारण त्यांनी कंबर जास्त दुखायला लागली, असं ती सांगत होती. मी तिला एवढंच विचारलं, पोटरीतली कळ कशी आहे? म्हणाली, पोटरीत आता काही नाही, मांडीतही कमी आहे, पण कंबर धरली आहे. हे ऐकून मला बरं वाटलं रे. व्यायाम सोडलास याचं मात्र तितकंच वाईट वाटलं.

तुझ्या या सायटिकात दुखणं किती आहे, यापेक्षा ते कुठपर्यंत उतरलं आहे, हे आधी बघायचं असतं. तुझ्या रिपोर्टात एल५-एस१ ची, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी लिहिली आहे. तिथे बहुतेक वेळा एस१ या मज्जातंतूची मुळी दाबात सापडते, म्हणून तुला पावलाच्या कडेला, करंगळीच्या बाजूला मुंग्या येत होत्या. दोष पायात नव्हता, कमरेत होता. आता कळ पाऊल सोडून पोटरीत, पोटरी सोडून मांडीत आणि शेवटी कमरेच्या मध्यावर येऊन थांबली, तर त्या मुळीवरचा ताण कमी होतोय असं आम्ही उपचार करणारे समजतो. मग कंबर काही दिवस आधीपेक्षा जास्त दुखली तरी चालतं. याच्या उलट, कंबर हलकी वाटतेय पण कळ पावलाकडे उतरतेय, असं झालं तर तो व्यायाम त्याच दिवशी थांबवायचा.

ही खूण रॉबिन मॅकेन्झी या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आली. 1956 साली वेलिंग्टनमधल्या त्यांच्या दवाखान्यात पाय दुखणारा एक पेशंट आला. तपासणीच्या टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या कुणासाठी तरी वर केलेली राहिली होती. हा गृहस्थ त्यावर तसाच पालथा झोपला, म्हणजे कंबर चांगलीच मागे वाकली. काही मिनिटांनी मॅकेन्झी आत आले तेव्हा त्याच्या पायातली कळ गेलेली होती. त्यानंतर त्यांनी पेशंटमागून पेशंट तपासत ही पद्धत बसवली. तुला दिलेला कोपरांवर रेलायचा आणि मग हात सरळ करून छाती उचलायचा व्यायाम तिथूनच आला आहे. तो करताना कंबर सैल सोड, ओटीपोट अंथरुणाला टेकलेलं राहू दे. दिवसातून एकदाच घाम गाळण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी दहा वेळा केलास तर उपयोग जास्त.

पण हा व्यायाम सगळ्यांना लागू नाही. उतारवयात मणक्याची नळी अरुंद झालेल्या माणसाला पुढे वाकल्यावर आराम पडतो, मागे वाकल्यावर पाय भरून येतात. म्हणून मोबाइलवरचे व्हिडिओ बघून त्यात भर घालू नकोस, आणि तुझे व्यायाम ऑफिसातल्या कुणाला शिकवूही नकोस.

ताईने पलंगावर फळी टाकून पडून राहायला सांगितलंय. तिची काळजी खरी आहे, उपाय जुना आहे. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 183 पेशंटांवर झालेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, बाकीच्यांना जमेल तसे हिंडूफिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडचे 87 टक्के लोक सुधारलेले होते. पडून राहून फायदा झाला नाही, उलट स्नायू ढिले पडतात ते वेगळंच. थोडं थोडं चालत राहा. सपाट रस्त्यावर, कळ उतरणार नाही इतकंच.

रिपोर्टातल्या शब्दांनी घाबरू नकोस. कंबर दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्यांच्या आसपास लोकांत कुठली ना कुठली गादी फुगलेली दिसते. आणि बाहेर आलेला गादीचा भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, पुष्कळदा मोठा तुकडा लहानापेक्षा जास्त.

सकाळ सांभाळ. रात्रभर गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकून बादली उचलणं, बुटाच्या नाड्या बांधणं टाळ. कोथरूड ते हिंजवडी बाइकवर जाणं सध्या बंद, बसमध्ये उभं राहायला मिळालं तर उत्तमच. खुर्चीत कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेव आणि दर अर्ध्या तासाने ऊठ. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको. करंटचा शेक आणि ट्रॅक्शन यांवर मी स्वतः फार विसंबत नाही. त्यांनी तासभर बरं वाटतं, पण त्यासाठी जाऊन तू फक्त पडून येणार असशील तर पैसे वाचव. मालिशवाल्याकडून कंबर मोडून घेणं मात्र अजिबात नको, कुणीही कितीही सांगितलं तरी.

आता नीट वाच. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांत एकदम कळ सुरू झाली, पाऊल उचललं जाईना, यांतलं काहीही झालं तर मला फोन करण्यातही वेळ घालवू नकोस. रात्र असली तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठ. तिथे ऑपरेशन काही तासांत करावं लागू शकतं. बाकी ऑपरेशनची घाई आत्ता करण्यासारखं मला काही दिसत नाही. बहुतेकांचं हे दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं, आणि तुझं त्याच वाटेवर आहे.

आज रात्रीपासून व्यायाम पुन्हा सुरू कर. व्यायामाआधी आणि नंतर कळ कुठपर्यंत होती, एवढंच वहीत लिही. किती दुखलं ते लिहायची गरज नाही. शनिवारी येशील तेव्हा ती वही आण. टाचांवर आणि चवड्यांवर चालून दाखवायचंस, पायातली ताकद मला स्वतः बघायची आहे.

तुझी,
मावशी