गावाचं नाव, दुकानाची पाटी

प्रश्न : मी कात्रजचाच. ‘कात्रज पेढे’ नावानं धंदा काढला तर कोण अडवणार?

उत्तर : ‘कात्रज’ नावानं दूध विकणारा पुणे जिल्हा दूध संघ अडवू शकतो. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यातल्या कलम ९नुसार नुसत्या स्थळनामाची सहसा नोंदणी होत नाही, हे खरं. पण मेख त्याच कलमात आहे. वापरानं नावाला स्वतंत्र ओळख मिळाली की ते व्यापारचिन्ह ठरतं. दुकानात ‘एक कात्रज द्या’ म्हटलं की हातात दुधाची पिशवी पडते, तलाव नव्हे! पत्ता म्हणून ‘कात्रज, पुणे’ खुशाल छापा. पुण्याच्या ‘बर्गर किंग’ उपाहारगृहानं २०२४मध्ये जिल्हा न्यायालयात त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीला हरवलं, असं तुम्ही म्हणाल. तिथं आधार होता कंपनी भारतात येण्यापूर्वीच्या वापराचा. तुमची तर अजून पाटीही लागलेली नाही. शिवाय तो वाद पुढं उच्च न्यायालयात गेलाच.