गाडी नेपाळला न्यायची तर

सोलापूरहून घरच्या गाडीने नेपाळला जायचं ठरलं, की पहिला हिशोब किलोमीटरचा होतो. तुळजापूर, लातूर, नांदेड, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर आणि मग सोनौलीची सीमा. इथवर हा हिशोब चालतो. पुढे डोंगर लागला की अंतर तासांत मोजायचं आणि फक्त उजेडाचेच तास धरायचे.

आम्ही गेलो ते दसऱ्याच्या आधी, पाऊस सरत आला असताना. काठमांडूच्या वाटेवरचा नारायणगढ ते मुग्लिन हा रस्ता जेमतेम 36 किलोमीटरचा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोलवर त्रिशूली नदी. वाटेत दरड आलेली. जेसीबी माती ओढत होता आणि आम्ही रांगेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, पुढच्या ट्रकच्या क्लीनरलाही दिली. रस्ता मोकळा झाला तेव्हा दिवस कलला होता. मेव्हणे म्हणाले, "दाजी, रेटली तर रात्रीत काठमांडू गाठू." मी मुग्लिनलाच मुक्काम केला.

सकाळी निघालो आणि थोड्याच अंतरावर एका वळणावर अर्धा रस्ता खचलेला दिसला. कठडा नाही, दिवा नाही. खूण म्हणून कुणीतरी पाच-सहा दगड मांडून ठेवलेले. रात्री हेडलाइटच्या झोतात ते दगड दिसले असते की नाही, कोण जाणे. मेव्हण्यांनी त्यानंतर रात्रीचा विषय काढला नाही.

12 जुलै 2024 च्या पहाटे, अंधारातच, याच नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरडीने दोन बस त्रिशूलीत लोटल्या. पुढच्याच महिन्यात, 23 ऑगस्टला, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीकाठी कोसळली. पंचवीसहून अधिक माणसं गेली. हा अपघात तर भर दिवसाचा. म्हणून रात्र टाळाच, पण जून ते सप्टेंबर हे महिनेही टाळा. दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, तोंडावर सारं काठमांडू गावाकडे निघतं, तेव्हाची गर्दीही लक्षात घ्या.

आपल्याकडचा ड्रायव्हर सपाट, सरळ रस्त्यावर मुरलेला असतो. तुळजापूरचा घाट चढलो म्हणजे घाट जमला असं नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. सतत ब्रेक दाबून उतरलं तर ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा लागत नाहीत.

कागदांचीही तयारी हवी. सीमेवर गाडीचा भन्सार, म्हणजे जकात, दिवसांच्या हिशोबाने भरावा लागतो. पावती शेवटपर्यंत जपा. ती वाटेतही मागतात आणि परतताना तर लागतेच. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र घ्या. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. गाडीचा नेहमीचा विमा सीमेपलीकडे लागू होत नाही. जादा हप्ता भरून पॉलिसीत नेपाळचा समावेश करून घेता येतो, तो निघण्याआधीच करा आणि लेखी घ्या. आपल्या 100 रुपयांचे नेपाळी 160 होतात. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, ते ताजे विचारून घ्या.

हे सगळं सांभाळूनही एक गोष्ट राहिली तर उपयोग नाही, ती म्हणजे हाताशी मोकळे दिवस. रस्ता बंद पडतो तेव्हा धोका दरडीइतकाच घाईचाही असतो. ज्याला सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचंय, तोच शनिवारी रात्री घाटात गाडी घालतो. तेव्हा रजा दोन दिवस जास्त टाका, भन्सारही तेवढ्या दिवसांचा भरा आणि परतीची तारीख घरी सांगताना "एक-दोन दिवस मागेपुढे होईल" असं आधीच सांगून ठेवा.