पहिली नोकरी, पहिली खोली: अंधेरी की डोंबिवली?

मुंबईतल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात पडलं की सांगली-नाशिककडच्या घरांत पगाराची चर्चा दोन दिवसांत आटोपते आणि राहण्याची काळजी सुरू होते. कुणाची तरी मावशी डोंबिवलीला असतेच. तिथे भाडं कमी, वस्ती मराठी, पोळी-भाजी केंद्रं पावलोपावली. आईवडिलांचं मत तिथेच पक्कं होतं. मुलाला हवा असतो अंधेरीत मित्रांबरोबर फ्लॅट. वाद रंगतो, पण ऑफिस नेमकं कुठल्या स्टेशनला, हे दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं.

मुंबईतलं ऑफिस म्हणजे फोर्ट किंवा नरिमन पॉइंट, हे समीकरण केव्हाच मोडलं. सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार, आयसीआयसीआय बँक यांची मुख्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत आहेत, आणि बीकेसी कागदोपत्री उपनगर जिल्ह्यात येतं. आयटीवाले नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेला. ऐरोलीत नोकरी असताना ‘मुंबईत राहायचंय’ म्हणून दादरला खोली घेणं हा निव्वळ हौसेचा मामला. सकाळी गाडी उलट्या दिशेची, त्यामुळे गर्दी कमी. पण ठाण्याला किंवा मुलुंडला राहिलं तर भाडंही वाचतं आणि वेळही. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स हार्बरची लोकल ऐरोलीला सोडते.

बीकेसीचं गणित वेगळं. डोंबिवलीहून कुर्ल्याला फास्ट लोकलने पाऊण तास लागतो. घर ते स्टेशन, पूल, बस किंवा शेअर रिक्षाची रांग धरली की एका बाजूचा दीड तास सहज होतो. रोजचे तीन, 22 दिवसांचे 66 तास. शिवाय आठ-सव्वाआठच्या फास्टमध्ये चढणं हेच एक काम. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक तिथले लोक पाठ करतात, ते उगाच नव्हे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेल्या प्रवाशांचे पडून मृत्यू झाले; त्यामुळे आईवडिलांनी भाड्याआधी या गर्दीची चौकशी करावी.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. मरोळ नाक्याला ती घाटकोपर-वर्सोवा मेट्रोला मिळते आणि पुढे थेट बीकेसीला जाते. त्यामुळे बीकेसीच्या नोकरीसाठी अंधेरीतल्या मरोळ-चकाल्याला तिघांत घेतलेली खोली भाड्याने महाग वाटली तरी परवडू शकते. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल, तर मात्र मावशीचं डोंबिवलीच बरं.

मुलीची शिफ्ट रात्रीची असेल तर एक प्रश्न आधीच एचआरला विचारावा: कॅब कुठपर्यंत सोडते? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत वाहन लागतं.

पैशांत फसगत होते ती डिपॉझिट आणि ब्रोकरेजमध्ये. करार बहुधा 11 महिन्यांचा; त्याची नोंदणी करून घेणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक मुदतीआधी खोली न सोडण्याचं, कलम वाचल्याशिवाय सही करू नये, कारण सहा महिन्यांत प्रोजेक्ट बदलून ऑफिसच पवईला जाऊ शकतं. ‘भाडं जास्त असलं तरी टॅक्स वाचतो’ हा काकांचा सल्ला नव्या कररचनेत लागू नाही. तिथे घरभाडे भत्त्यावर सूट मिळत नाही.

ऑफिसची जागा बदलू शकते, म्हणून पहिले दोन-तीन महिने लॉक-इन नसलेलं पीजी बरं. खोली पाहायला बहुतेक पालक रविवारी येतात, जेव्हा गर्दी ओसरलेली आणि मेगाब्लॉकमुळे वेळापत्रक भलतंच असतं. त्यांनी सोमवारी सकाळी आठला मुलाबरोबर त्या स्टेशनवरून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन पाहावं, आणि ब्रोकरला होकार त्यानंतर कळवावा.