निरोपाचे दार बंद करण्यापूर्वी

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटातील एखादा सदस्य सतत टोचून बोलू लागला, तर त्याला ब्लॉक करावे की त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, हा प्रश्न वरवर फोनच्या वापराचा वाटत असला, तरी जेथे माणसे मोजकी आणि कामे सामाईक असतात तेथे तो आचारधर्माचा प्रश्न होऊन बसतो. या दोन संज्ञांमधील भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. ब्लॉक करणे म्हणजे विशिष्ट क्रमांकावरून येणारे वैयक्तिक संदेश आणि व्हॉट्सॲपवरचे कॉल आपल्यापर्यंत पोहोचूच न देणे. दुर्लक्ष करणे म्हणजे संदेश येऊ देणे, तो वाचणे आणि उत्तर न देणे. पहिल्यात दारच बंद होते, दुसऱ्यात दार उघडे असते आणि घरातला माणूस तेवढा गप्प बसतो. प्रस्तुत लेखकाने हा भेद वेळीच ओळखला नाही, आणि अनेक वर्षे निष्ठेने सांभाळलेल्या खजिनदारपदाला त्यामुळे जो डाग लागला तो अद्याप पुसला गेलेला नाही; हे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

हे जेथे घडले त्या उज्जैनच्या मराठी समाजाची घडण लक्षात घेतल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांच्या कारकिर्दीत मराठी घराणी माळव्यात स्थिरावली, राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली, आणि पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली, तरी अनेक कुटुंबे क्षिप्रेच्या काठीच राहिली. अशा समाजात ज्याच्याशी वाद, त्याच्याच घरी हळदीकुंकू, आणि दोन्ही घरांचे गुरुजीही बहुधा एकच, अशी स्थिती असते. मुंबई-पुण्यासारख्या शहरात ब्लॉक केलेला मनुष्य कदाचित पुन्हा कधी भेटणारही नाही. येथे तो संध्याकाळी फ्रीगंजात भाजी घेताना समोर उभा राहतो.

माणूस तोडण्याची रीत मराठी समाजाला नवी नाही. शास्त्र वा रूढी मोडल्याच्या आरोपावरून एखाद्याशी व्यवहार बंद करण्याच्या जुन्या वादाला 'ग्रामण्य' म्हणत, आणि ग्रामण्यात सापडलेल्याच्या घरी कार्याला भिक्षुक मिळेनासा होई. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचा ठपका ज्यांच्यावर आला त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळक हे दोघेही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणल्यावर प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा असून तो ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. तो मध्य प्रदेशाला लागू नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला ब्लॉक करणे म्हणजे बहिष्कार नव्हे, हे येथे ठासून सांगणे आवश्यक आहे, कारण लेखकावर नेमका तोच आरोप करण्यात आला.

मंडळाच्या ज्या गणेशोत्सवात हा प्रसंग घडला त्यात लेखकाकडे हिशोब होता आणि ज्यांना पुढे ब्लॉक केले त्या गृहस्थांकडे भोजनव्यवस्था होती. लेखक रोज रात्री जमाखर्च गटात टाकत असे, आणि त्याखाली त्या गृहस्थांची तीन प्रश्नचिन्हे येत. शब्द नाही, शंका कोणती तेही नाही, केवळ तीन प्रश्नचिन्हे. त्यानंतर अकराच्या सुमारास वैयक्तिक संदेश येई: "काका, बेरीज तर रोज दाखवता, पावत्या कधी दाखवणार?" वस्तुतः क्रमांक १ ते २१२ अशा सर्व पावत्या फाइलमध्ये लावून सभागृहातल्या टेबलावर ठेवलेल्या होत्या आणि ते गृहस्थ दररोज त्या टेबलावरून पुढे जात असत. पाचव्या रात्री लेखकाने त्यांना ब्लॉक केले. ब्लॉक केले म्हणजे गटातलीही कटकट थांबेल, ही समजूत चुकीची होती: सामाईक गटात ब्लॉक केलेल्या व्यक्तीचे संदेश आपल्याला दिसतच राहतात आणि आपले तिला. म्हणजे चारचौघांत होणारा अपमान जसाच्या तसा चालू राहिला आणि कामाचा खासगी निरोप तेवढा बंद झाला.

महाप्रसादाच्या आदल्या रात्री हलवायाने (माळव्यात पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यालाही हलवाईच म्हणतात) तूप-साखरेसाठी ठरल्यापेक्षा आधी पैसे मागितले. त्या गृहस्थांनी लेखकाला एक संदेश पाठवला आणि व्हॉट्सॲपवरून दोन कॉल केले. त्यांतले काहीही पोहोचले नाही. सकाळी लेखक सभागृहाच्या मागच्या अंगणात गेला तेव्हा भट्टी थंड होती आणि कढई भिंतीला पालथी टेकवलेली होती. दीडशे पानांची पंगत दुपारी बाराऐवजी साडेतीनला बसली. वृद्ध मंडळी त्याआधीच घरी परतली होती.

त्या संध्याकाळच्या बैठकीत गृहस्थांनी आपला फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला. "बघा, एकच टिक. काकांनी नंबर ब्लॉक केलाय, आणि पैसे काकांकडेच." संदेश समोरच्याच्या फोनवर पोहोचला की दोन टिका उमटतात, पोहोचला नाही तर एकच राहते, एवढे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. लेखकाने वाकून पाहिले तेव्हा स्वतःच्या नावाशेजारी छायाचित्राऐवजी करड्या रंगाची रिकामी आकृती दिसली, आणि आपण अडवला तो त्रास नव्हे, निरोप अडवला, हे त्या क्षणी उमगले. पावत्यांची फाइल हातात होती. ती कोणी मागितली नाही. त्या रात्री लेखकाने त्यांना अनब्लॉक केले आणि अडकलेला संदेश आता येईल म्हणून बराच वेळ फोन समोर ठेवला. परंतु ब्लॉकच्या काळात पाठवलेले संदेश नंतरही पोहोचत नाहीत, त्यामुळे तो निरोप कायमचाच गेला.

लेखकाची चूक येथे मान्य केली आहे. मात्र दोषाची वाटणी न्यायाने झाली पाहिजे. व्हॉट्सॲपवरचा ब्लॉक साध्या फोनला लागू होत नाही, आणि त्या गृहस्थांकडे लेखकाचा क्रमांक होता. गट उघडा होता, जेथे तीन प्रश्नचिन्हे टाकायला त्यांना कधी अडचण आली नव्हती. लेखकाचे घर सभागृहापासून चार मिनिटांवर आहे. ज्याला निरोप खरोखर पोहोचवायचा असतो तो एक टिक पाहून दुसरे दार ठोठावतो; ज्याला पुरावा हवा असतो तो टिकेचा फोटो काढून ठेवतो. शिवाय ब्लॉक करणे म्हणजे समाज तोडणे, असे सभेत सांगणाऱ्या या गृहस्थांनीच आठ दिवसांत लेखकाला वगळून बाकी सर्वांचा दुसरा गट केला, आणि बहिष्कार म्हणावयाचाच असेल तर तो शब्द या कृतीला लागू पडतो.

या अनुभवातून निघणारे नियम पुढीलप्रमाणे मांडता येतील. ज्या व्यक्तीबरोबर पैसा, चावी, स्वयंपाक किंवा आजारी माणूस यांपैकी कशाचीही सामाईक जबाबदारी आहे, तिला ती जबाबदारी संपेपर्यंत ब्लॉक करू नये. तिचा संवाद म्यूट करावा, म्हणजे सूचनेचा आवाज बंद करावा, आणि तो अर्काइव्हमध्ये, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला, ठेवून दिवसातून दोन ठरलेल्या वेळी पाहावा. ब्लॉक करणे अपरिहार्य झालेच, तर ते गुप्त ठेवू नये: त्याच दिवशी अध्यक्षांना लेखी कळवावे आणि यापुढे या व्यक्तीचे निरोप अमुक सदस्यामार्फत यावेत असे नाव घालून सांगावे. हे एक वाक्य लेखकाने लिहिले असते, तर ती भट्टी वेळेवर पेटली असती. गटातील त्रासाचा बंदोबस्त ॲडमिनकडे मागावा, कारण कोणत्याही सदस्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय त्याच्याकडे असते. रागाच्या भरात गट सोडू नये; गट सोडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जात असली, तरी सोडून गेलेल्यांची नावे साठ दिवस इतरांना पाहता येतात.

धमकी, अश्लील मजकूर आणि पैशाची फसवणूक यांबाबत मात्र वरील कोणताही संयम लागू नाही. तेथे आधी स्क्रीनशॉट घ्यावा, लगेच ब्लॉक करावे, आणि आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बाकीच्या बाबतीत रात्री दहानंतर उत्तर देऊ नये, वाद प्रत्यक्ष भेटीत मिटवावा आणि वडीलधाऱ्यांना मध्ये घ्यावे, हे सर्वांना ठाऊक असलेले उपायच खरे. ते ठाऊक असूनही कोणी पाळत नाही, लेखकानेही पाळले नाहीत.

त्या वर्षानंतर लेखकाने खजिनदारपद सोडले. त्या गृहस्थांचा क्रमांक आज ब्लॉक केलेला नाही, म्यूट आहे, आणि त्यावरून एकही संदेश आलेला नाही. १ ते २१२ क्रमांकांच्या पावत्यांची फाइल लेखकाच्या कपाटात जशीच्या तशी आहे. ती पाहण्यासाठी अजून कोणी आलेले नाही.